एकतीस कव्हरं

आमच्या गल्लीत त्याला सगळे ‘उद्यावाला’ म्हणतात. मोटारसायकलींच्या विटलेल्या प्लास्टिकला पुन्हा रंग चढवणं हा त्याचा धंदा, आणि गिऱ्हाईक सकाळी येवो की संध्याकाळी, त्याचं उत्तर ठरलेलं, ‘उद्या या.’ रंग वाळायला वेळ लागतो हे लोकांना पटत नाही. त्यांना वाटतं, फुंकर मारली की झालं. मग गिऱ्हाईक तापतं, हा त्याहून तापतो, आणि दोघांची समजूत काढायला मला माझ्या मशिनवरून उठावं लागतं. मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतो. त्याच्या आणि माझ्या दुकानात एकच भिंत आहे. बावीस वर्षं झाली, माझ्या जेवणाच्या डब्याला त्याच्या थिनरचा वास येतो आणि त्याच्या ओल्या रंगावर माझ्या स्पंजचा भुगा बसतो. त्यावरून आमची जेवढी भांडणं झाली तेवढी माझी बायकोशीही झाली नसतील.

विटलेल्या प्लास्टिकला रंग मारण्यात काय एवढं, असं मी पहिल्याच महिन्यात बोलून बसलो होतो. त्यावर त्याने चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी मला आत बोलावून बाकावर बसवलं आणि सगळं दाखवलं. गाडी वर्षानुवर्षं उन्हात उभी असते. बाजूची पॅनेलं, मागची शेपटी, पुढचा मडगार्ड, सगळं पांढुरकं पडत जातं. टाकी लोखंडाची, ती जास्त तग धरते. मग मालकाला एक दिवस जाग येते आणि कुणाचं तरी ऐकून तो त्या प्लास्टिकवर तेल चोपडतो, नाहीतर बुटाचं पॉलिश. उद्यावाल्याचा पहिला तास मालकाच्या नावाने बोटं मोडत ते तेल काढण्यातच जातो. मग पाणी मारत बारीक पेपरने घासायचं, प्राइमरचा एक हात द्यायचा, वाळू द्यायचं, पुन्हा घासायचं, मग रंगाचे तीन पातळ हात आणि शेवटी चकाकीसाठी लॅकर. घाई केली की रंग ओघळतो, नाहीतर महिन्याभरात पोपडे धरतो.

‘पण हे कुणालाही जमेल,’ तो म्हणाला. ‘खरं काम आहे ते रंग जुळवायचं.’

तयार डब्यातला रंग तो जसाच्या तसा कधी वापरायचा नाही. आधी सीट काढायचा आणि पॅनेलचा सीटखाली दडलेला काठ बघायचा. तिथे ऊन कधी पोचलेलं नसतं, त्यामुळे गाडी नवी असतानाचा रंग तिथे तसाच असतो. त्याला तो ‘सावलीतला रंग’ म्हणायचा. मग टाकीकडे बघायचा, कारण तीही थोडीफार उतरलेली असते. किती उतरली हे नजरेने ओळखायचं आणि थेंब थेंब टाकत तेवढाच उतरलेला रंग तयार करायचा. नवं पॅनेल जुन्या टाकीशेजारी ठिगळ दिसता कामा नये, एवढा एकच त्याचा नियम. एका तुटक्या तुकड्यावर तो नमुना मारून ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला, उजेड समोरून पायरीवर येतो तेव्हा, तो तुकडा टाकीला लावून मला हाक मारायचा.

‘टेलर, जुळलं का?’

मी दोरा दातात धरूनच दाराशी जायचो, बघायचो, मान हलवायचो. ‘जुळलं.’ मग तो रंगाची गन हातात घ्यायचा. माझ्या ‘जुळलं’शिवाय त्याने कुठल्याही गाडीवर गन धरल्याचं मला आठवत नाही. खरं तर मी बघून असा काय उजेड पाडणार होतो? त्याचं नेहमीच जुळलेलं असायचं. पण विचारायचं म्हणजे विचारायचंच.

पाच-सहा वर्षांपूर्वी त्याची आई अंथरुणाला खिळली. त्याचे दोन भाऊ परगावी, ते फोनवरून काळजी करायचे. बाकी सगळं हा आणि त्याची बायको, आमच्या वहिनी. म्हातारीचं अंग पुसायचं, कूस बदलायची, भरवायचं, आणि ती सारखी कण्हत असायची म्हणून झोप नाहीच. सकाळी दुकानात आला की प्राइमर वाळेपर्यंत बाकावर बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचा. मी गिऱ्हाइकांना परस्पर सांगायचो, उद्या या. असं तीन वर्षं चाललं. मग म्हातारी सुटली, आणि आम्हाला वाटलं की हाही सुटला.

तसं काही झालं नाही. पंधरा दिवसांनी तो दुकानात आला, शटर अर्धंच वर केलं आणि बाकावर बसून राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. गिऱ्हाईक आलं तरी उठेना. मी चहा घेऊन गेलो तर म्हणाला, ‘एवढी वर्षं वाटायचं, एक दिवस पोटभर झोपायला मिळावं. आता झोप मिळते तर उठावंसंच वाटत नाही रे.’

मी माझी गाडी त्याच्या दारात नेऊन उभी केली. राखाडी रंगाची जुनी मोटारसायकल, पॅनेलं पार पांढरी पडलेली. लोकांच्या गाड्या नटवणाऱ्याची स्वतःची गाडी अशी, म्हणून तो मला कितीदा टोमणे मारायचा. ‘घे,’ म्हटलं, ‘कर एकदाची.’ तो जरा वेळ नुसता बघत बसला. मग उठला आणि पाना शोधायला लागला. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी एका सीटला उलट्या बाजूने शिलाई मारून ठेवली.

दोन दिवसांनी साडेदहाला हाक आली. ‘टेलर, जुळलं का?’

मी गेलो. त्याने त्या दिवशी दाढी केली होती. बऱ्याच दिवसांनी. हातातला तुकडा टाकीला लावून तो माझ्याकडे बघत होता. टाकी राखाडी होती आणि तुकडा निळसर. थोडाथोडका नव्हे, लांबून कळावा एवढा निळसर. मला वाटलं, थकलाय, तीन वर्षांची झोप राहिली आहे, चार दिवसांत ताळ्यावर येईल. आज नाही म्हणालो तर पुन्हा त्या बाकावर जाऊन बसेल.

‘जुळलं,’ मी म्हणालो.

गाडी तयार झाली त्या संध्याकाळी समोरची झेरॉक्सवाली दुकान बंद करून निघाली होती. पंचविशीची पोर, मनात येईल ते बोलणारी. माझ्या गाडीपाशी थांबून म्हणाली, ‘काका, वर राखाडी आणि खाली निळं, हे मुद्दाम केलंय का?’

‘हळू बोल,’ मी तिला दटावलं. ‘त्याने ऐकलं म्हणजे?’

‘मग ऐकू दे की. त्यांचंच काम आहे ना?’

मी तिला घालवून दिलं आणि काळ्या रेक्झिनचा तुकडा काढून टाकीला कव्हर शिवलं. गुडघ्यापाशी दुहेरी शिलाई, खाली बांधायला चार पट्टे. टाकी झाकली की पॅनेल कशाशी जुळत नाही ते कुणाला दिसणार? दुसऱ्या दिवशी त्याला म्हटलं, तू इतकं छान काम केलंस, आता टाकीही जपायला हवी. तो हसला. आई गेल्यावर तो पहिल्यांदा हसला होता.

चार दिवस गेले, चार महिने गेले, तो काही ताळ्यावर आला नाही. काळं काम चांगलं व्हायचं, लालही बरं व्हायचं. पण निळी, राखाडी किंवा पांढरी गाडी आली की मी मशिन थांबवून भिंतीपलीकडे कान द्यायचो. एका शाळामास्तरांची पांढरी गाडी त्याने केली, ती पॅनेलं नीळ जास्त झालेल्या सदऱ्यासारखी दिसायला लागली. मास्तर गाडीकडे बघत, काही तरी बोलावं की नाही अशा विचारात बाहेर आले. मी त्यांना माझ्या दाराशीच गाठलं. ‘सर, रंग ताजा आहे, थोडं ऊन खाल्लं की बसेल. तोवर टाकीला कव्हर घ्या, माझ्याकडून.’ फुकट ते पौष्टिक. मास्तर खूश होऊन गेले, आणि मला एक वाट सापडली.

मग तोच रिवाज पडला. गिऱ्हाईक त्याच्या दुकानातून कपाळाला आठ्या घालून निघालं की माझ्या दाराशी थांबायचं आणि कव्हर घेऊन जायचं. रेक्झिन माझं, दोरा माझा, खोटंही माझंच. आठ-दहा कव्हरं झाल्यावर तो एकदा म्हणाला, ‘हल्ली टाकी झाकायचं फॅड आलंय वाटतं. पूर्वी कुणी एवढी हौस करत नसे.’

‘आलंय खरं,’ मी म्हणालो. ‘लोकांना काय, एकाने केलं की सगळे करतात.’

त्याच सुमारास त्याचं विचारणं बदललं. पूर्वी नुसती हाक मारायचा. आता म्हणायचा, ‘बाहेर ये. उजेडात बघ. घाईत सांगू नकोस.’ तुकड्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायचा. मी म्हणायचो, जुळलं. ‘नक्की?’ नक्की. मला वाटायचं, आईमागे माणूस हळवा झालाय.

एक दिवस वहिनी माझ्या दुकानात आल्या. तो सामान आणायला गेलेला होता. वहिनी बसल्या नाहीत, उभ्या उभ्याच बोलल्या. ‘भावजी, ह्यांना नीट दिसत नाही. परवा हिरवी चादर घेऊन आले आणि म्हणाले, तुला हवी तशी निळी मिळाली. डॉक्टरकडे चला म्हटलं की अंगावर येतात. तुमचं ऐकतील. तुम्ही सांगा.’

‘सांगतो,’ मी म्हणालो. ‘आजच सांगतो.’

त्या दिवशी त्याचा कॉम्प्रेसर बिघडला होता, म्हणून नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो खुशीत होता, म्हणून नाही सांगितलं. असे सहा महिने गेले. गल्लीने त्याला ठेवलेलं नाव खरं म्हणजे मला शोभलं असतं. मी स्वतःला सांगायचो की कळलं तर तो गन ठेवून देईल आणि पुन्हा उचलणार नाही, मग घरात बसून हा माणूस करणार काय? ते खरंही होतं. पण त्याहून खरं म्हणजे, इतकी कव्हरं शिवून झाल्यावर आता कुठल्या तोंडाने सांगायचं? मला माझीच लाज वाटत होती. संध्याकाळी घरी गेलो की अंग इतकं मोडून यायचं, जणू दिवसभर त्याची पॅनेलंही मीच घासलीत.

शेवटी माझ्याकडून झालं नाही ते एका सायकलवाल्याने केलं. रस्ता ओलांडताना उद्यावाला सरळ त्याच्या चाकापुढे गेला. खरचटण्यावर निभावलं, पण वहिनींनी त्याला तसाच डोळ्यांच्या दवाखान्यात नेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेले. डॉक्टर म्हणाले, या मोतीबिंदूत सगळं पिवळट, मळकट दिसतं, आणि निळं तर कळतच नाही. आधी उजवा डोळा, महिन्याने डावा.

दोन्ही झाल्यावर तो काळा चष्मा लावून दुकानात आला. शटर वर करायच्या आधी पायरीवर उभा राहून गल्ली बघत होता.

‘झेरॉक्सची पाटी किती निळी आहे रे,’ तो म्हणाला. ‘मला वाटायचं, पोरगी पुसत नाही.’

मी ‘हं’ केलं. माझी गाडी मी आठवडाभर आधीच घरी ठेवून दिली होती आणि पायी येत होतो. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, आणि माझं वय काही चालण्याचं नाही. त्याने विचारलं, गाडी कुठाय? म्हटलं, डॉक्टरने चालायला सांगितलंय. ‘कुठल्या डॉक्टरने?’ आहे एक, म्हटलं. दुसऱ्या कुणाकडून पॅनेलं रंगवून आणावीत असंही मनात आलं, पण त्याच्या भिंतीला भिंत लावून बसणाऱ्याने ते कसं करायचं? बाराव्या दिवशी गुडघ्यांनी हात टेकले. मी गाडी आणली, कव्हर घट्ट बांधलेलं आहे ना ते दोनदा बघितलं आणि ती माझ्या बाजूच्या भिंतीला लावली.

त्याच सकाळी शाळामास्तर झेरॉक्स काढायला आले. गाडी समोर लावून ते आत गेले, आणि उद्यावाला पायरीवर उभा होता. तो रस्ता ओलांडून गेला. मी मशिनवरून बघत होतो. त्याने आधी पॅनेलावरून अंगठा फिरवला. मग टाकीवरच्या कव्हराची दुहेरी शिलाई बघितली, पट्टा सोडला, कोपरा उचलला आणि पुन्हा नीट बांधून ठेवला. परत आला तो थेट माझ्या गाडीपाशी. चारही पट्टे सोडून त्याने कव्हर काढलं. त्याचा एक हात टाकीवर होता आणि एक पॅनेलावर. मी उठून दाराशी गेलो.

‘किती शिवलीस?’ त्याने विचारलं.

‘एकतीस. माझं धरून.’

‘सगळी माझ्या कामावर?’

‘सगळी.’

मग मीच बोलत सुटलो. ‘तू थकला होतास. आई नुकतीच गेलेली. मला वाटलं, तुला सांगितलं तर तू...’

‘मला दिसत नाही हे मला माहीत होतं, टेलर.’

मी पायरी उतरून खाली आलो.

‘निळ्यात गडबड होतेय हे मला तुझ्याच गाडीपासून कळत होतं,’ तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, नुसता दमलेला होता. ‘डबा संपायचा तरी मनासारखा रंग दिसायचा नाही. डॉक्टरकडे जायची भीती वाटत होती. आईचे डोळे शेवटी गेलेच होते ना. मग म्हटलं, माझे गेले तर गेले, शेजारी आपला माणूस बसलाय, त्याचे धड आहेत. म्हणून तर विचारत होतो, नीट बघ, उजेडात बघ. तू एकदा नाही म्हणाला असतास तर मी त्या दिवशी उठून डॉक्टरकडे गेलो असतो. दोन वर्षं मी तुझ्या डोळ्यांनी रंग मारला रे.’

माझ्या दातात दोरा होता. तो काढून मी बोटाला गुंडाळत राहिलो.

त्याने कव्हराची नीट घडी घातली, माझ्या हातात दिली आणि पाना आणून माझ्या गाडीची पॅनेलं सोडवायला बसला. साठीचा माणूस, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेला महिना झालेला, उकिडवा बसून पाणी मारत स्वतःचाच रंग घासून काढत होता. पाणी निळसर होऊन पायरीवरून वाहत होतं. दुपारी डबा खायला हाक मारली तर आला, जेवला, माझ्या डब्यातलं लोणचं नेहमीसारखं न विचारता घेतलं. उरलेल्या तीस जणांची नावं विचारली. ज्यांची माहीत होती ती मी सांगितली. तो म्हणाला, बोलावून घे एकेकाला, परत करून देऊ.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला तो तुकडा घेऊन बाहेर आला आणि टाकीला लावला. मी दाराशी पोचलो होतो. त्याने रस्त्यापलीकडे हाक मारली.

‘पोरी, जरा इकडे ये. बघ, जुळलं का?’

झेरॉक्सवाली आली. मान तिरकी करून तिने बघितलं. ‘नाही काका. टाकी जरा जास्त मातकट आहे.’

‘शाबास,’ तो म्हणाला आणि आत गेला. त्याने दोन थेंब वाढवले, दुसरा तुकडा मारला आणि तिला म्हणाला, उद्या परत ये. तिसऱ्या दिवशी ती ‘जुळलं’ म्हणाली तेव्हा त्याने गन धरली. माझ्या गाडीचं पॅनेल आता कुठे संपतं आणि टाकी कुठे सुरू होते ते कळत नाही, इतकं सुरेख काम केलंय. मी तसं त्याला म्हणालोही. तो ‘बरं’ म्हणाला.

आतापर्यंत एकोणीस गाड्या परत येऊन गेल्या. गाडी झाली की कव्हर माझ्याकडे येतं, कुणाला त्याची गरज उरत नाही. एकोणीस कव्हरं माझ्या मशिनखाली पडली आहेत, पाय पसरायला जागा नाही. टाकावीत म्हटलं तर टाकवत नाहीत. बाकी आमचं सगळं पूर्वीसारखंच आहे. माझ्या भुग्यावरून तो भांडतो, त्याच्या थिनरवरून मी भांडतो, वहिनी येता-जाता माझी विचारपूस करतात. मला त्याने एका शब्दाने टोचलेलं नाही. टोचलं असतं तर मीही चार शब्द ऐकवले असते आणि मोकळा झालो असतो.

काल साडेदहाला तो तुकडा घेऊन पायरीवर आला तसा माझा पाय मशिनच्या पायट्यावरून आपोआप खाली आला. दोरा दातात धरून मी दाराशी गेलो. त्याने मला बघितलं आणि मला बाहेर जायचंय असं समजून तो एका बाजूला सरला. मी तसाच पुढे निघालो आणि कोपऱ्यापर्यंत उगाच जाऊन आलो.